५१२ घेऊ की १ टीबी? आणि वॉरंटी किती वर्षांची?

या वेळी आलेले बरेचसे प्रश्न एकाच जागी येऊन अडकलेत. गेमिंग लॅपटॉप कंपनीच्या साइटवर कस्टमाइझ करायला घेतला की प्रोसेसर, ग्राफिक्स कार्ड, स्क्रीन इथपर्यंत सगळे धडाधड क्लिक करत जातात, आणि मग स्टोरेज आणि वॉरंटीचं पान आलं की गाडी थांबते. म्हणून बाकीचे प्रश्न पुढच्या वेळी, आज फक्त हेच घेते.

ताई, पहिल्यांदाच गेमिंग लॅपटॉप घेतोय. ग्राफिक्स कार्ड, रॅम ठरलंय. स्टोरेजमध्ये ५१२ जीबी, १ टीबी, २ टीबी असे पर्याय आहेत आणि वॉरंटीत १ वर्ष किंवा ३ वर्षं ऑनसाइट. बजेट बघता दोन्हीपैकी एकच वाढवता येईल. काय वाढवू?

वॉरंटी वाढव. पण एका अटीवर, की त्या लॅपटॉपमध्ये एसएसडीचा (विंडोज, गेम, फाइली साठवणारा चिपवाला ड्राइव्ह) दुसरा स्लॉट रिकामा असला पाहिजे. तो आहे की नाही ते आधी बघ, नाहीतर माझं उत्तर बदलतं, ते खाली सांगते.

कारण असं आहे बघ. डेस्कटॉपमध्ये ग्राफिक्स कार्ड गेलं तर काढून दुसरं लावता येतं. गेमिंग लॅपटॉपमध्ये प्रोसेसर आणि ग्राफिक्स चिप दोन्ही मदरबोर्डवरच सोल्डर केलेले असतात (एखाद-दुसरा वेगळा डिझाइनवाला सोडला तर), म्हणजे त्यातलं काहीही एक गेलं की सर्व्हिस सेंटरवाले अख्खा बोर्डच बदलतात, आणि तो बोर्ड म्हणजे जवळजवळ लॅपटॉपच झाला, कारण महाग ते सगळं त्याच्यावरच बसलेलं असतं. वॉरंटी संपल्यावर हे झालं तर बरेच जण रिपेअर सोडून नवीनच घ्यायचा विचार करतात. तीन वर्षांची वॉरंटी आपण घेतो ती खरं तर या एका गोष्टीसाठी, बाकी कीबोर्ड, पंखा, चार्जर वगैरे त्यासोबत येतं एवढंच.

एसएसडीचं तसं नाही. तो एका स्क्रूवर बसलेला असतो. सहा महिन्यांनी पैसे जमले की नवीन आणून दुसऱ्या स्लॉटमध्ये लावायचा, विंडोजमध्ये डिस्क मॅनेजमेंट उघडून इनिशियलाइझ आणि फॉर्मॅट करायचा, झालं. जुना आहे तसाच राहतो, विंडोजला हात लावावा लागत नाही, गेम्स नव्या ड्राइव्हवर टाकायचे. स्टीममध्ये (गेम विकत घ्यायचं आणि चालवायचं ॲप) तर सेटिंगमधल्या स्टोरेजमध्ये जाऊन आधीचे गेम्सही परत डाउनलोड न करता दुसऱ्या ड्राइव्हवर हलवता येतात.

पण ५१२ वर किती दिवस निघतील याबद्दल भ्रमात राहू नको. ५१२ जीबीचा एसएसडी विंडोजमध्ये साधारण ४७६ जीबी दिसतो (कंपनी हजाराच्या हिशोबाने मोजते आणि विंडोज १०२४ च्या, फसवणूक नाहीये ती), त्यातून विंडोज, रिकव्हरी पार्टिशन, ड्रायव्हर, ब्राउझर आणि अजून दहा गोष्टी वजा कर. बाल्डर्स गेट ३ ला १५० जीबी लागतात, रेड डेड रिडेम्प्शन २ ला १५०, स्टारफील्डला १२५. म्हणजे मोठे दोन गेम आणि तिसरा जेमतेम, शिवाय ड्राइव्ह गच्च भरून चालत नाही, १०-१५ टक्के मोकळी ठेवावी लागते नाहीतर लिहिण्याचा स्पीड पडतो. एकाच वेळी एक-दोनच गेम खेळणारा असशील तर ५१२ वर आरामात चालेल. लायब्ररी सांभाळणारा असशील तर दुसरा एसएसडी लवकरच घ्यावा लागेल हे मनात धरूनच ऑर्डर दे.

आता ती अट. स्लॉट एकच असेल तर सरळ १ टीबी घे, वॉरंटी मागाहून वाढवता येतेय का ते बघ. एकाच स्लॉटमध्ये नंतर मोठा एसएसडी टाकायचा म्हणजे आधीच्याची हुबेहूब नक्कल (क्लोन) करा किंवा विंडोज नव्याने टाका, आणि पैसे देऊन घेतलेला ५१२ चा तुकडा ड्रॉवरमध्ये पडून राहणार.

आणि एक, कंपनी ५१२ वरून १ टीबी करायला जो फरक मागतेय तो आणि तेवढ्याच क्षमतेच्या चांगल्या एसएसडीचा बाहेरचा भाव, दोन्ही त्याच दिवशी समोरासमोर ठेवून बघ. पूर्वी डोळे झाकून सांगता यायचं की बाहेरून स्वस्त पडतं. पण २०२५ च्या शेवटी शेवटी एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरीला इतकी मागणी लावली की रॅम आणि एसएसडी दोन्हीचे भाव चढले, त्यामुळे आता कधी कधी कंपनीचा पर्यायच बरा निघतो. माझ्यावर विश्वास ठेवू नको, हिशोब कर.

दुसरा स्लॉट आहे की नाही हे कळणार कसं? साइटवर फक्त “१ टीबी एनव्हीएमई एसएसडी” एवढंच लिहिलंय. कस्टमर केअरवाला म्हणाला “हो सर, अपग्रेडेबल आहे”.

“अपग्रेडेबल आहे” म्हणजे काहीच सांगितलं नाही त्याने. आहे तो काढून मोठा टाकता येतो, हेही अपग्रेडेबलच.

मोठ्या कंपन्या बहुतेक मॉडेलचं सर्व्हिस मॅन्युअल किंवा हार्डवेअर मेंटेनन्स मॅन्युअल साइटवर पीडीएफमध्ये टाकतात. मॉडेलचं पूर्ण नाव टाकून ते शोधा आणि त्यात एसएसडी काढायचं प्रकरण उघडा, दोन स्लॉट असतील तर दोन चित्रं असतातच. तिथेच अजून दोन गोष्टी बघून घ्या. एक म्हणजे लांबी, २२८० म्हणजे २२ मिलिमीटर रुंद आणि ८० मिलिमीटर लांब, हा कॉमन साइज. काही लॅपटॉपमध्ये दुसरी जागा २२४२ किंवा २२३० ची असते, तिथे नेहमीचा लांब एसएसडी बसणारच नाही. दुसरी म्हणजे स्लॉट कोणत्या जेनचा (पिढीचा, आकडा मोठा तितका वेग जास्त) आहे. पहिला जेन ४ आणि दुसरा जेन ३ असं असू शकतं, जुन्या मॉडेलमध्ये तर दुसरा फक्त साटा (एसएसडी जोडायची जुनी, हळू पद्धत) चालवणाराही सापडतो, आणि साटा म्हणजे एसएसडी कितीही भारी घेतला तरी ५५० एमबी प्रति सेकंदाच्या आसपासच. त्यात एनव्हीएमई (नव्या, वेगवान पद्धतीचा) लावलात तर दिसणारच नाही, मग वाटणार एसएसडी खराब निघाला.

काही मॉडेलमध्ये मोठी बॅटरी निवडली की दुसऱ्या ड्राइव्हची जागा ती खाऊन टाकते, हे कस्टमाइझ करताना कुठेतरी बारीक अक्षरात असतं. तुमच्यासारखंच अजून एकाने विचारलंय की १ टीबीमध्ये “५१२ + ५१२” पर्याय आहे तो घेऊ का. नका घेऊ! दोन्ही स्लॉट भरले, उद्या वाढवायचं म्हटलं तर एक काढून टाकावा लागणार. आणि त्याच्यासमोर “रेड ०” असं लिहिलेलं असेल तर मुळीच नको, कारण त्यात डेटा दोन्ही ड्राइव्हवर अर्धा-अर्धा वाटून ठेवतात, एक ड्राइव्ह गेला की दोन्हीकडचं सगळं गेलं. स्पीडटेस्टमध्ये आकडा छान दिसतो, गेममध्ये काही नाही.

जेन ४ च्या ऐवजी जेन ५ एसएसडी घ्यायचा का? फ्रेम रेट वाढेल ना?

नाही वाढणार. फ्रेम रेट ग्राफिक्स कार्ड आणि प्रोसेसर ठरवतात, एसएसडी लोडिंग ठरवतो.

आकडे बघा, जेन ३ चा चांगला ड्राइव्ह साधारण ३५०० एमबी प्रति सेकंद वाचतो, जेन ४ चा ७००० च्या घरात, जेन ५ चे वरचे १४००० पर्यंत. कागदावर दर वेळी दुप्पट. पण हार्ड डिस्कवरून एसएसडीवर आल्यावर जो फरक डोळ्याला दिसतो तो जेन ३ वरून जेन ४ वर येताना सेकंद-दोन सेकंदाचा उरतो आणि पुढे तर घड्याळ लावूनच मोजावा लागतो, कारण गेम लोड होताना फाइल वाचणं हा एकच भाग असतो, ती उघडणं, जुळवणं हे काम प्रोसेसरच्या डोक्यावर. मायक्रोसॉफ्टचं डायरेक्टस्टोरेज हेच ओझं कमी करायला २०२२ मध्ये विंडोजवर आलं, जानेवारी २०२३ मधला फोरस्पोकन हा ते वापरणारा पीसीवरचा पहिला गेम, पण ते वापरणारे गेम अजूनही मोजकेच. वर जेन ५ तापतो. डेस्कटॉपमध्ये त्याच्यावर जाड हीटसिंक (उष्णता ओढून घेणारा धातूचा तुकडा) बसवता येतो, लॅपटॉपच्या पोटात तेवढी जागा नसते, मग गरम झाला की स्वतःच स्पीड कमी करतो आणि तुम्ही पैसे भरून परत जेन ४ वर.

त्याऐवजी विचारायचं ते हे, की एसएसडी टीएलसी आहे की क्यूएलसी. टीएलसीमध्ये एका सेलमध्ये ३ बिट ठेवतात, क्यूएलसीमध्ये ४, म्हणून तो स्वस्त पडतो, पण त्याचा कॅश (आधी भराभर लिहून घ्यायची छोटी जागा) भरला की लिहिण्याचा स्पीड धाडकन खाली येतो, कधी कधी जुन्या हार्ड डिस्कची आठवण येईल इतका. १०० जीबीचा गेम एका ड्राइव्हवरून दुसऱ्यावर टाकताना हे जाणवतं, खेळताना नाही. नुसते गेम ठेवायला दुसरा ड्राइव्ह घेताय तर क्यूएलसीही चालेल, उगाच नाक मुरडायचं कारण नाही. विंडोजवाला आणि व्हिडिओ एडिटिंगवाला मात्र टीएलसीच असू दे. अडचण एवढीच की कस्टमाइझच्या पानावर कंपनी फक्त “जेन ४ एसएसडी” लिहून मोकळी होते, आत कोणाचा निघेल ते तिच्या हातात. बाहेरून घेतला तर निवड तुमची, वॉरंटीही वेगळी मिळते, चांगल्या ड्राइव्हवर ५ वर्षं किंवा टीबीडब्ल्यू यातलं जे आधी संपेल ते. टीबीडब्ल्यू म्हणजे एकूण किती टेराबाइट लिहून होईपर्यंत कंपनी जबाबदारी घेते तो आकडा. १ टीबीच्या चांगल्या टीएलसीला तो साधारण ६०० असतो, क्यूएलसीत २०० च्या आसपासही असतो. घाबरू नका, रोज ५० जीबी लिहिलंत तरी ६०० टीबी संपायला ३२ वर्षं लागतील.

मागचं कव्हर उघडलं तर वॉरंटी जाते असं सगळेच सांगतात. मग दुसरा एसएसडी लावायचा कसा?

सगळेच सांगतात, पण वॉरंटीच्या कागदावर काय लिहिलंय ते कोणी वाचत नाही. बऱ्याच मोठ्या कंपन्या रॅम आणि एसएसडी ग्राहकाने बदलायचे भाग म्हणूनच धरतात आणि कसे बदलायचे ते स्वतःच्याच मॅन्युअलमध्ये दाखवतात. अमेरिकेत तर २०१८ मध्ये तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने “स्टिकर फाटला तर वॉरंटी रद्द” असं म्हणणाऱ्या कंपन्यांना इशाऱ्याची पत्रं पाठवली होती. पण प्रत्येक देशाचा कायदा वेगळा आणि प्रत्येक कंपनीच्या अटी वेगळ्या, म्हणून स्क्रूवर स्टिकर दिसला तर आधी सपोर्टला ईमेल करा. फोन नाही, ईमेल, म्हणजे उत्तर लेखी राहतं.

वॉरंटी जात नाही याचा अर्थ काहीही केलं तरी चालतं असा मात्र नाही. कव्हर काढताना प्लास्टिकची क्लिप तुटली, स्क्रू ड्रायव्हर घसरून बोर्डवर गेला, बॅटरीचा कनेक्टर न काढता एसएसडी लावायला गेलात आणि शॉर्ट झालं, हे सगळं तुमच्या खिशातून. बॅटरीचा कनेक्टर पहिल्यांदा काढायचा, एवढं एक तरी पाळा. एसएसडी तिरका घालून मग खाली दाबून स्क्रू लावायचा असतो, आणि हा स्क्रू कित्येकदा बॉक्समध्ये येतच नाही तेव्हा आधीच बघून ठेवा. दोन्ही बाजूंनी चिप असलेला जाड ड्राइव्ह काही पातळ लॅपटॉपमध्ये अडकतो, एकाच बाजूला चिप असलेला घेतलेला बरा. आणि प्रोसेसरवरचा हीटसिंक उघडायच्या भानगडीत पडू नका, काही गेमिंग लॅपटॉपमध्ये उष्णता पोचवणाऱ्या पेस्टच्या जागी लिक्विड मेटल असतं, ते वीज वाहून नेतं, एक थेंब बाजूला गेला तर बोर्ड गेला.

लॅपटॉपसोबत आलेला मूळ एसएसडी विकून टाकू नका. सर्व्हिसला पाठवायची वेळ आली की स्वतःचा काढून तो परत लावायचा, म्हणजे तुमचा डेटा घरात राहतो आणि “बाहेरच्या पार्टमुळे झालं असेल” हे ऐकून घ्यावं लागत नाही.

मुलगा हॉस्टेलला जाणार आहे, इंजिनिअरिंगला. त्याला गेमिंग लॅपटॉपच हवाय. वॉरंटीच्या पानावर ऑनसाइट, प्रीमियम, ॲक्सिडेंटल असं बरंच काय काय आहे. यातलं नेमकं काय घ्यावं? आम्हाला यातलं काही कळत नाही.

तुमच्या केसमध्ये ॲक्सिडेंटल डॅमेज घ्याच. एरवी मी त्याच्या फारशी पाठी लागत नाही, पण हॉस्टेल म्हटल्यावर लॅपटॉप बेडवर, बेडखाली, मित्राच्या हातात आणि पाण्याच्या बाटलीशेजारी असणार. साधी वॉरंटी फक्त आपोआप बिघडलेल्या गोष्टींना लागू होते. पडला, पाणी सांडलं, स्क्रीनला तडा गेला, यातलं काहीही तिच्यात बसत नाही, मग ती तीन वर्षांची असो की पाच. ॲक्सिडेंटलमध्येही वर्षाला किती क्लेम चालतील यावर बऱ्याचदा मर्यादा असते, आणि चोरी सहसा धरत नाहीत, ते कागदावर बघून घ्या.

ऑनसाइट म्हणजे इंजिनिअर लॅपटॉप असेल तिथे येतो, कॅरी-इन म्हणजे तुम्ही सर्व्हिस सेंटरला न्यायचा. गेमिंग लॅपटॉप तीनेक किलोपर्यंतही जातो आणि कॉलेज चालू असताना तो दहा दिवस सेंटरला पडून राहिला की सबमिशनचे वांधे, म्हणून ऑनसाइट बरं. पण “नेक्स्ट बिझनेस डे” वाचून आज फोन केला की उद्या माणूस दारात असं समजू नका, आधी फोनवर तपासणी होते, मग पार्ट उपलब्ध आहे का बघतात, त्याच्या पुढचा कामाचा दिवस. आणि ती सेवा हॉस्टेलच्या पत्त्यावर मिळते का ते विचारा, घरच्या पत्त्यावर नाही. छोट्या गावात ऑनसाइटचे पैसे घेऊनही शेवटी कुरिअरने मागवून घेतात असं होतं.

बॅटरी वेगळीच धरतात बरं का. लॅपटॉपला तीन वर्षं वॉरंटी असली तरी बॅटरीला बहुतेक वेळा एकच वर्ष असतं, आणि क्षमता हळूहळू कमी होणं हा दोष मानतच नाहीत. गेमिंग लॅपटॉप दिवसभर चार्जरवर असतो, त्यामुळे बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मूळ सेटिंगमध्ये) किंवा कंपनीच्या ॲपमध्ये चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवायचा पर्याय असेल तर मुलाला चालू करायला सांगा.

सगळे पैसे आजच भरायला हवेत असं नाही. साधी वॉरंटी संपायच्या आत ती वाढवायची सोय बहुतेक कंपन्या देतात, संपल्यावर मात्र महाग पडते किंवा मिळतच नाही. ॲक्सिडेंटलचं उलट आहे, ते खरेदीच्या वेळी किंवा त्यानंतर थोड्याच दिवसांत घ्यावं लागतं. म्हणजे आज ॲक्सिडेंटल, आणि वर्ष भरायच्या महिनाभर आधी मोबाइलवर रिमाइंडर लावून वॉरंटी वाढवा. फक्त दुकानदार स्वतःची किंवा तिसऱ्याच कंपनीची “एक्सटेंडेड वॉरंटी” गळ्यात मारत असेल तर ती लॅपटॉप कंपनीच्या साइटवर सिरियल नंबर टाकून दिसते का विचारा. दिसत नसेल तर ती वेगळीच पॉलिसी आहे, तिचे नियमही वेगळे.

वॉरंटीत मदरबोर्ड बदलून मिळाला, पैसे लागले नाहीत. पण आता लॅपटॉप चालू केला की निळ्या स्क्रीनवर बिटलॉकर रिकव्हरी की मागतोय. मी बिटलॉकर कधी चालूच केलं नव्हतं! सर्व्हिस सेंटर म्हणतं डेटाची जबाबदारी आमची नाही.

सर्व्हिस सेंटर उद्धट बोलत असेल पण खोटं बोलत नाहीये, डेटाची जबाबदारी सहसा कोणतीच वॉरंटी घेत नाही, वाचून बघा.

आणि बिटलॉकर (ड्राइव्हवरचा डेटा कुलूपबंद करणारी विंडोजची सोय) चालू तुम्ही केलं नव्हतं, विंडोजने केलं. नव्या लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्ट अकाउंटने लॉगिन केलं की डिव्हाइस एन्क्रिप्शन बहुतेक वेळा आपोआप चालू होतं आणि त्याची किल्ली मदरबोर्डवरच्या (किंवा प्रोसेसरमधल्या) टीपीएममध्ये (अशा किल्ल्या जपणाऱ्या भागात) बसते. बोर्ड बदलला, टीपीएम बदललं, आता एसएसडी तुम्हाला ओळखत नाही. दुसऱ्या कुठल्या तरी फोनवरून मायक्रोसॉफ्ट अकाउंटला लॉगिन करून तुमच्या डिव्हाइसची यादी उघडा, तिथे बिटलॉकरची ४८ आकडी की सापडायला हवी, स्क्रीनवरचा की आयडी जुळवून टाका. कॉलेजचं किंवा ऑफिसचं अकाउंट वापरून सेटअप केला असेल तर की त्यांच्या आयटीवाल्यांकडे असू शकते. घरातल्या दुसऱ्या कोणाच्या अकाउंटने पहिल्यांदा सेटअप झाला होता का तेही आठवा, असं फार वेळा निघतं. की कुठेच नसेल तर तो डेटा गेला, आणि “आम्ही खोलून देतो” म्हणणाऱ्याला एक पैसाही देऊ नका.

बाकीच्यांनी हे वाचून आत्ताच ती की कागदावर लिहून ठेवा. सर्व्हिसला देताना मशीन चालू असेल तर बॅकअप घेऊन एन्क्रिप्शन बंद करून द्या. गेम परत डाउनलोड होतो, सेव्ह फाइल होत नाही, आणि स्टीम क्लाउड सगळ्या गेमना चालत नाही, तेव्हा डॉक्युमेंट्स आणि ॲपडेटामधली सेव्हची फोल्डरं वेगळी कॉपी करा. फारच नाजूक डेटा असेल तर खराब झालेला ड्राइव्हसुद्धा स्वतःकडे ठेवायची सोय काही कंपन्या जादा पैसे घेऊन वॉरंटीत देतात, घरच्या वापराला त्याची गरज पडत नाही.

एक्स्टर्नल एसएसडीवरून गेम चालतात का?

चालतात. १० जीबीपीएसचा यूएसबी पोर्ट आणि त्याच दर्जाचा ड्राइव्ह असला की साधारण १००० एमबी प्रति सेकंद मिळतात, साटापेक्षा जास्तच. लोडिंगला थोडा जादा वेळ आणि टेबलावर एक लोंबती वायर, एवढंच. दुसरा स्लॉट नसलेल्यांनी हा मार्ग धरायला हरकत नाही, फक्त खेळता खेळता वायर हलली तर गेम तिथल्या तिथे बंद पडतो, म्हणून ड्राइव्ह लोंबकळत न ठेवता लॅपटॉपच्या झाकणामागे पट्टीने चिकटवून टाका, पंख्याची जाळी सोडून.